अंडी दिसली नाहीत, म्हणजे?

शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात अनवाणी हिंडणारी मुलं आपल्या वर्गात असतात. एखादं मूल फिकट, दमलेलं दिसलं की आपण पालकांना शौच तपासून आणायला सांगतो. अहवाल येतो : 'अंडी आढळली नाहीत'. म्हणजे जंत नाहीतच का?

थोडा हिशेब करू. गोल जंताची एक मादी रोज सुमारे २ लाख अंडी घालते. दिवसाची विष्ठा २०० ग्रॅम धरली, तर ग्रॅममागे १०००. काचपट्टीवर घेतात जेमतेम २ मिलिग्रॅम. त्यात २ अंडी सापडतील. पण उघड्या पायातून शिरणाऱ्या अंकुशकृमीची मादी रोज १० हजारांच्या आसपासच अंडी घालते. तिचं अंडं दहा काचपट्ट्यांत मिळून एक! आणि रक्त पिणारा जंत नेमका हाच.

म्हणून नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात. अंकुशकृमीची अंडी हलकी असल्याने वर येतात. (कोंबडीचं अंडं मिठाच्या पाण्यात तरंगवून आपण वर्गात दाखवतो, तेच हे.) पट्टकृमीची अंडी मात्र तळाशीच राहतात.

वाडीवरचा नमुना एस.टी.ने शिरूरला किंवा दौंडला पोचेपर्यंत दुपार होते. पातळ शौचातला अमीबा तोवर ओळखू येत नाही. डबी कोरडी हवी, लघवी मिसळू नये, आणि वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. तिने जंत पडले तरी रक्ताबरोबर गेलेलं लोह भरून निघत नाही. म्हणून अहवाल कोरा आला तरी फिकट मुलाचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला आम्ही सांगतो.