पिंप मोठे होत नाही

अमेरिकेतील स्थानिक ब्रुअऱ्यांच्या वाढीचा विचार शिकागो शहरातील 'गूस आयलंड' या ब्रुअरीला वगळून करता येत नाही, कारण तिच्यावर जीव टाकणाऱ्या रसिकांना ज्या वाढीचा आधी अभिमान वाटला, तिचीच पुढे त्यांना चीड का येऊ लागली, याची कारणे येथे केवळ भावनेत सापडत नाहीत; ती लाकूड, साखर आणि सूक्ष्मजीव यांच्या व्यवहारातही सापडतात. छोट्या, स्वतंत्र उत्पादकाने चवीला प्राधान्य देऊन बनवलेल्या बिअरला 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. या व्याख्येतील 'छोट्या' आणि 'स्वतंत्र' ही दोन विशेषणे गूस आयलंडने एकामागोमाग एक गमावली. चव मात्र तिने गमावली की नाही, यावर रसिकांचे आजही एकमत नाही.

संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. पुठ्ठ्याची वेष्टने बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतील नोकरी सोडून जॉन हॉल यांनी १९८८ साली शिकागोच्या क्लायबर्न अॅव्हेन्यूवर एक ब्रूपब उघडला आणि जवळच्या नदीपात्रातील एका बेटाचे नाव त्याला दिले. जिथे बिअर तयार होते तिथेच ती पेल्यात ओतली जाते, अशा जागेला ब्रूपब म्हणतात. हा प्रकार महाराष्ट्राला २००९ पासून, पुण्यात 'डूलाली' सुरू झाल्यापासून, परिचित आहे. (वेडसरपणासाठी इंग्रजांनी वापरलेला हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीतील लष्करी छावणीवरून आला, हे त्या पेल्यापुढे बसणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही.) १९९५ मध्ये फुल्टन स्ट्रीटवर बाटल्या भरण्याची सोय असलेला मोठा कारखाना उभा राहिला, आणि 'हॉंकर्स एल' व पुढे '३१२' या बिअरींनी शहरभर जम बसवला. या इतिहासात असामान्य असे फारसे काही नाही. असामान्य आहे ते एक पिंप.

अमेरिकेतील कायद्यानुसार 'बर्बन' या नावाने विकली जाणारी व्हिस्की निदान ५१ टक्के मका असलेल्या धान्यमिश्रणापासून बनवावी लागते आणि ती ओक लाकडाच्या, आतून जाळून कोळसा केलेल्या, नव्या कोऱ्या पात्रातच मुरवावी लागते. 'नव्या' या एका शब्दामुळे बर्बन बनवणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक पिंप एकदा वापरले की निरुपयोगी ठरते, आणि सुमारे २०० लिटरची अशी असंख्य पिंपे केंटकी राज्यातून इतरांसाठी मोकळी होतात. गूस आयलंडचे ब्रूमास्टर, म्हणजे उत्पादनाचे मुख्य जाणकार, आणि जॉन हॉल यांचे पुत्र ग्रेग हॉल यांची 'जिम बीम' या प्रसिद्ध बर्बन घराण्यातील बुकर नो यांच्याशी एका भोजनप्रसंगी गाठ पडली, त्यातून काही वापरलेली पिंपे मिळाली आणि ग्रेग यांनी त्यांत अतिशय दाट, काळी 'स्टाउट' बिअर भरली, अशी 'बर्बन काउंटी स्टाउट'ची जन्मकथा सांगितली जाते. कंपनी हे वर्ष १९९२ असल्याचे म्हणते, तर पत्रकार जोश नोएल यांनी या ब्रुअरीवरील आपल्या पुस्तकात उपलब्ध पुराव्यांवरून १९९५ कडे बोट दाखवले आहे. कंपन्यांच्या जन्मकथा तीन वर्षांनी मागे सरकतात यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या पिंपात काय घडते ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा सगळा वाद समजत नाही. स्टाउटसाठी सातूला मोड आणून तो वाळवतात, म्हणजेच माल्ट करतात, आणि त्याचा काही भाग कॉफीच्या बियांसारखा काळाकुट्ट भाजतात. येथे तो नेहमीच्या बिअरच्या कितीतरी पट वापरून, उकळून आटवून, पाकासारखा गोड अर्क काढला जातो आणि तो यीस्टने आंबवला जातो. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपाच्या फळ्यांत काही लिटर बर्बन अजून जिरलेली असते. उन्हाळ्यात बिअर आणि लाकूड दोन्ही प्रसरण पावतात, त्यामुळे बिअर जळक्या थराच्या आत, लाकडाच्या छिद्रांत शिरते. हिवाळ्यात ती आकसून परत येते आणि येताना बर्बनचा अंश, ओकमधील लिग्निन या घटकापासून तयार झालेले व्हॅनिलासारखे सुगंधी द्रव्य आणि खोबऱ्याच्या वासाची आठवण देणारी लॅक्टोन नावाची संयुगे घेऊन येते. शिकागोचा उन्हाळा तापट आणि हिवाळा हाडे गोठवणारा असल्यामुळे शहराचे हवामानच येथे एक कामगार म्हणून राबते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. आठ-दहा महिन्यांनी, कधी वर्षभराने, जे बाहेर निघते त्यात मद्यार्काचे प्रमाण १३ ते १५ टक्के असते, म्हणजे बाजारातील साध्या बिअरच्या सुमारे तिप्पट.

दुसरी गोष्ट अशी की दोन शेजारची पिंपे सारखी नसतात. एकाची फळी दाट असते, दुसऱ्याची सच्छिद्र, तिसरे भिंतीजवळ ठेवलेले असते. म्हणून जाणकारांना नमुने चाखून, कोणते कोणात मिसळायचे हे ठरवून शेवटचे मिश्रण साधावे लागते. पोलादी टाकी दहापट मोठी केली तर कामगारांची संख्या दहापट करावी लागत नाही आणि चवही फारशी बदलत नाही, पण पिंपाचे तसे नाही. ते मोठे केले तर लाकडाच्या पृष्ठभागाचे द्रवाशी असलेले प्रमाण घटते आणि मुरण्याची क्रियाच बदलते. पिंप मोठे होत नाही. फक्त पिंपांची संख्या वाढवता येते, आणि प्रत्येक नव्या पिंपाबरोबर एक नवी अनिश्चितता गोदामात येते.

२०१० साली गूस आयलंडने सुमारे १ लाख २७ हजार बॅरल बिअर विकली. बॅरल हे येथे अमेरिकेतील मोजमापाचे एकक असून त्यात सुमारे ११७ लिटर मावतात, त्यामुळे ही विक्री दीड कोटी लिटरच्या आसपास जाते. मागणी क्षमतेपुढे धावत होती, भांडवल अपुरे पडत होते, आणि २८ मार्च २०११ रोजी जाहीर झाले की बडवायझर बनवणारी 'अॅनहॉयझर-बुश' ही कंपनी गूस आयलंड ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेत आहे. ज्या पाणचट बिअरला पर्याय म्हणून क्राफ्ट बिअरची चळवळ उभी राहिली होती, तिच्याच उत्पादकाने चळवळीतील एक अग्रणी नाव खिशात घातल्याची भावना रसिकांत पसरली. ग्रेग हॉल यांनी नोकरी सोडून मिशिगनमध्ये सफरचंदाच्या 'सायडर'चा, म्हणजे आंबवलेल्या सफरचंद-रसाचा, स्वतंत्र उद्योग काढला. त्यातील मोठा वाटा २०१५ मध्ये त्याच कंपनीने गूस आयलंडमार्फत घेतला, हा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर तो ढोबळ वाटला असता.

वाढीचे पहिले दृश्य फळ म्हणजे '३१२'चे स्थलांतर. ३१२ हा शिकागोच्या मध्यवर्ती भागाचा दूरध्वनी संकेतांक आहे. ही गव्हाची हलकी बिअर आता सुमारे हजार किलोमीटरवरील, न्यूयॉर्क राज्यातील बाल्डविन्सव्हिल येथे अॅनहॉयझर-बुशच्या अजस्र कारखान्यात बनू लागली. एखाद्या बिअरला '०२०' नाव देऊन ती पुण्याबाहेर, दूर दुसऱ्या राज्यात बनवावी आणि पुण्यातच अभिमानाने विकावी, तसा हा प्रकार होता. तज्ज्ञांच्या दृष्टीने मोठ्या कारखान्यातील बिअर अधिक एकसारखी निघते, आणि तसे असणे हा दोष नव्हे. पण नावाने दिलेले वचन चवीने फेडता येत नाही.

तरीही रसिकांच्या मनाची द्विधा अवस्था येथेच सुरू होते, कारण '३१२' बाहेर गेल्यामुळे फुल्टन स्ट्रीटवरील टाक्या मोकळ्या झाल्या आणि त्या बेल्जियन धर्तीच्या बिअरींसाठी व पिंपांसाठी वापरता आल्या. शहरात पिंपांचे स्वतंत्र, प्रशस्त गोदाम घेण्यात आले. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीकडील शुक्रवारी, दरवर्षी बाजारात येणाऱ्या 'बर्बन काउंटी'साठी लोक पहाटेपासून दुकानांपुढे रांगा लावत. पूर्वी शिकागोबाहेर क्वचित दिसणारी ही बाटली आता दूरच्या राज्यांतही मिळू लागली. जे दुर्मीळ म्हणून हवे होते ते सुलभ झाले, आणि सुलभ होण्यासाठी लागणारा पैसा ज्याचा तिरस्कार करायचा त्याच्याकडून आला. कंपनीला शिव्या देत तिच्याच बाटलीसाठी थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला दांभिक म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचे प्रेम पिंपावर होते आणि राग मालकीवर, व या दोहोंना वेगळे करण्याची सोय बाजाराने ठेवलेली नव्हती.

छोट्या उत्पादकांची संघटना असलेल्या 'ब्रुअर्स असोसिएशन'ने क्राफ्ट ठरण्यासाठी घातलेल्या अटींनुसार बिगर-क्राफ्ट मद्य कंपनीचा वाटा २५ टक्क्यांहून कमी असावा लागतो, आणि २०१७ पासून स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या बाटल्यांवर तसे बोधचिन्हही छापले जाऊ लागले. मात्र 'छोट्या'ची मर्यादा याच संघटनेने २० लाख बॅरलवरून ६० लाखांवर नेली, कारण आपलाच एक मोठा सभासद तिच्या बाहेर पडण्याच्या बेतात होता. मोठेपणाला माफी आणि मालकीला नाही, असा हा निवाडा दिसतो. त्यामागे केवळ भावनिक कारण नव्हते: मोठ्या कंपनीचे वितरक बारमधील नळांची जागा एकगठ्ठा भरू शकतात, आणि '३१२'सारखी ओळखीची बिअर हाताशी असली की शेजारच्या खऱ्या स्थानिक ब्रुअरीसाठी नळ उरत नाही.

या सगळ्या वादात २०१५ च्या बाटल्यांनी लाकडाचा मुद्दा पुन्हा मध्यभागी आणला. १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेल्या बिअरमध्ये जंतू तग धरणार नाहीत, असा या व्यवसायातील सर्वसाधारण समज होता, आणि वर्षानुवर्षे तो खरा ठरला होता. २०१५ च्या नोव्हेंबरात विकल्या गेलेल्या काही बाटल्या मात्र आंबट लागू लागल्या. आधी कॉफी घातलेल्या आणि 'बार्लीवाइन' या तीव्र प्रकारच्या, नंतर मूळ स्टाउटच्याही काही घाण्यांविषयी तक्रारी आल्या. दोषी ठरला तो 'लॅक्टोबॅसिलस अॅसिटोटॉलरन्स', दह्यातील जंतूंचा नातेवाईक, जो आम्लात आणि मद्यार्कात टिकतो, पण इतक्या संथपणे वाढतो की प्रयोगशाळेतील नेहमीच्या चाचणीत तो सहज सापडत नाही आणि बाटली दुकानात पोहोचल्यावर महिन्यांनी आपले अस्तित्व दाखवतो. कंपनीने दोष मान्य केला, बाटलीवरील भरण्याच्या तारखा जाहीर केल्या आणि पैसे परत केले. मालकी बदलली म्हणून जंतू आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण सुरुवातीच्या मोजक्या पिंपांतही ते येऊ शकले असते. परंतु लाकूड उकळत्या पाण्यानेही आतपर्यंत निर्जंतुक होत नाही, आणि एक बिघडलेले पिंप मिश्रणात गेले की घाणा जितका मोठा तितका तो बिघाड दूर जातो. मोजक्या पिंपांचा मालक प्रत्येक पिंपाचा स्वभाव जाणतो. हजारोंच्या गोदामात नमुन्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

त्यावरचा उपाय कारखान्याचा होता. २०१६ पासून बाटलीत भरण्याआधी बिअरला झटपट पाश्चरीकरण देण्यात येऊ लागले, म्हणजे ती सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर काही सेकंद तापवून लगेच थंड केली जाते, त्यामुळे जंतू आणि उरलेले यीस्ट दोन्ही मरतात. ज्यांनी या बाटल्या दहा-दहा वर्षे तळघरात जपून, वाइनप्रमाणे त्यांचे मुरत जाणे अनुभवायचे ठरवले होते, त्यांना ही बिअर आता मेलेली वाटली. उलट बाजूचे म्हणणे असे की अशा बिअरचे वय मुख्यतः प्राणवायूच्या संथ क्रियेने वाढते, त्याला जिवंत यीस्टची फारशी गरज नसते, आणि जपलेली बाटली फोडल्यावर आंबट निघण्यापेक्षा तापवलेली बरी. चाखून पाहणाऱ्यांत दोन्ही पक्षांना पुरावे सापडतात. २०१४ आणि २०१६ च्या बाटल्या शेजारी ठेवून तुलना करणारे रसिक पेल्यात नेमके काय शोधत असतात, पिंपाचा परिणाम, उष्णतेचा की मालकाचा, हे त्यांनाही वेगळे करून सांगता येत नाही.

अॅनहॉयझर-बुशने पुढे विकत घेतलेल्या अनेक क्राफ्ट ब्रुअऱ्या २०२३ साली 'टिलरे' या कॅनडातील कंपनीला एकत्रित विकून टाकल्या, पण त्या यादीत गूस आयलंड नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लायबर्न अॅव्हेन्यूवरील मूळ ब्रूपब बंद झाला आणि संस्थेने नदीकाठच्या एका जुन्या मिठाच्या गोदामात, 'सॉल्ट शेड'मध्ये, नवी जागा घेतली, जी नावातील बेटाच्या समोरच आहे. शुक्रवारच्या रांगा आता पूर्वीइतक्या लांब नसतात. दुकानांच्या फळ्यांवर 'बर्बन काउंटी' कधीकधी पुढच्या ऋतूपर्यंत उभी असते, आणि ती घेणारा माणूस किंमत पाहण्याआधी बाटली उलटी करून भरण्याची तारीख वाचतो.