केशरी बलक म्हणजे गावरान अंडं? आधी कोंबडीने काय खाल्लं ते विचारा

हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव असो की पुणे, बलक केशरी निघाला की 'हे अस्सल गावरान' म्हणत लोक खुशीने जास्तीचे पैसे मोजतात. पण हा रंग येतो कुठून?

कॅरोटिनॉइडमधून. गाजर, मका, झेंडू यांना पिवळा-केशरी रंग देणारी ही रंगद्रव्यं. कोंबडीला ती स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच बलकात उतरतात. पिवळा मका दिला तर बलक पिवळा, पांढरी ज्वारी किंवा तांदळाची कणी दिली तर फिकट. मोकळी फिरणारी कोंबडी हिरवा पाला खाते, म्हणून तिच्या अंड्यातला बलक गडद.

गंमत पुढे आहे. पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की तिथेही तसाच बलक मिळतो. हो, दसऱ्याला दारावर लावतो तोच झेंडू! त्यातलं ल्युटिन घातक नाही, उलट आपल्या डोळ्यांच्या पडद्यातही ते असतं. पण रंग गडद झाला म्हणून प्रथिनं वाढत नाहीत, आणि नुसता बलक बघून गावरान अंडं ओळखताही येत नाही. पैसे त्या रंगाचेच जातात.

बटरच्या पाकिटावर '१६०बी' दिसलं, तर तो शेंदरीच्या बियांचा रंग, म्हणजे ॲनाटो. तोही कॅरोटिनॉइडच.

मग हिंगोलीची हळद? २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालेल्या वसमत हळदीचा पिवळा रंग मात्र या कुटुंबातला नाही, तो कर्क्युमिनचा. म्हणूनच हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. गाजराचा होत नाही.