ब्रेकच्या पाइपला कोणता पाना लावावा?

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले शहर. तुरीची बाजारपेठ आणि सोलापूर-गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) लोहमार्गावरील स्टेशन ही त्याची ओळख. मार्केट यार्डात माल आणणारे टेम्पो व पिकअप, आसपासच्या खेड्यांतील जीपगाड्या आणि अक्कलकोट-गाणगापूरला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मोटारी यांमुळे अशा गावात गॅरेजच्या धंद्याला नेहमीच वाव असतो. या धंद्यात आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली उभे राहायचे आणि चार-पाच वर्षांत स्वतःचा गाळा घ्यायचा, ही वाट अनेकांनी चोखाळली आहे. मेहनतीला ही मुले कमी पडत नाहीत. अवजारांच्या निवडीकडे मात्र हवे तितके लक्ष दिले जात नाही. ब्रेकच्या कामात तर ही हेळसांड फार महागात पडते.

मोटारीच्या ब्रेकचे ऑइल पोलादाच्या बारीक नळीतून चाकांपर्यंत जाते. लहान गाड्यांत ही नळी साधारण पावणेपाच मिलिमीटर जाडीची असते. जोरात ब्रेक मारला की तिच्यातील दाब टायरमधील हवेच्या तीस-चाळीस पट होतो. हा सारा दाब नळीच्या टोकाला असलेल्या एका छोट्या षटकोनी नटावर पेललेला असतो. नळीचे टोक पसरट केलेले असते आणि नट ते पसरट टोक बैठकीवर दाबून धरतो. नट लहान, त्याच्या पोटातून नळी गेलेली, त्यामुळे भिंत पातळ. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाजवळ बसतो, सुकतो आणि नट गंजून जाम होतो.

अशा नटाला नेहमीचा दुतोंडी फिक्स पाना लावला तर काय होते, हे प्रत्येक मिस्त्रीने पाहिलेले आहे. फिक्स पाना नटाच्या फक्त दोन बाजू धरतो आणि जोर दिल्यावर सारा भार दोन कोपऱ्यांवर येतो. नट सुटण्याऐवजी कोपरे झिजतात व नट गोल होतो. मग पक्कड लावली जाते, छिन्नी-हातोडी येते आणि शेवटी नळीच पिळवटून निघते. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि पाइप गावात मिळाला नाही तर सोलापूर नाही तर कलबुर्गी गाठावे लागते. स्क्रू पान्याचे तर नावच काढू नये. त्याचा जबडा थोडा तरी हलतोच आणि ब्रेकच्या नटाला तेवढे हलणेही सोसत नाही.

रिंग पाना नट चारही अंगांनी धरतो, पण तो येथे घालता येत नाही, कारण नळी दोन्ही टोकांना जोडलेली असते. यावर उपाय म्हणून जो पाना निघाला त्याला फ्लेअर नट पाना किंवा लाइन पाना म्हणतात. हा म्हणजे एका बाजूने चिरलेला रिंग पाना. चिरेतून नळी आत घ्यायची आणि पाना नटावर सरकवायचा. नटाच्या सहापैकी पाच बाजू पकडीत येतात.

बाजारात हा पाना दोन प्रकारांत दिसतो. एकाच्या तोंडात सहा कोन असतात, तर दुसऱ्याच्या तोंडात बारा. बारा कोनांचा पाना अडचणीच्या जागी लावायला सोपा, पण गंजलेल्या, मऊ नटासाठी सहा कोनांचाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोंड जाड असावे, म्हणजे नटावर पकड पुरेशी बसते. पोलाद क्रोम व्हॅनेडियमचे असावे. हलक्या लोखंडाचा पाना जोर देताच चिरेपाशी फाकतो, आणि फाकलेला पाना फिक्स पान्याहून वाईट. हाती धरण्याच्या अवजारांसाठी पंजाबातील जालंधर व लुधियाना आणि आपल्याकडे नाशिक प्रसिद्ध आहे. तेव्हा चांगला माल परदेशीच असतो, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दुकानात जाताना खिशात एक नवा ब्रेक नट ठेवावा. पाना त्यावर चढवून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर तो पाना परत करावा, भाव कितीही कमी असो.

मापाचा प्रश्न सीमेवरच्या गावात जास्त येतो, कारण जुनी-नवी सर्व प्रकारची वाहने तेथे येतात. मारुती ८०० (१९८३ ते २०१४) आणि जपानी धर्तीच्या बहुतेक गाड्यांना १० मिलिमीटरचा पाना लागतो, तर युरोपीय धर्तीच्या गाड्यांत ११ सर्रास आढळतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, तरी ती गाडी आणि जुन्या जीप अजून कोठे कोठे धावताना दिसतात. त्यांच्या नटांचे माप इंचात असते, बहुधा ३/८ किंवा ७/१६. आता ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर. ११ चा पाना त्यावर कधी कधी चढत नाही, म्हणून मुले १२ चा लावतात आणि कोपरे मारतात. ३/८ इंचाच्या नटावर १० चा पानाही असाच ढिला बसतो. नव्याने गाळा घेणाऱ्याने १०-११ चा एक उत्तम पाना आधी घ्यावा, जुन्या गाड्या येत असतील तर इंचाचा जोडीला ठेवावा. पंधरा पान्यांचा स्वस्त संच घेऊन बसण्यापेक्षा हे दोन पुरतात.

पाना चांगला असला तरी घाई चालत नाही. आधी तारेच्या ब्रशने नट साफ करावा, गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. मात्र हे तेल ब्रेक ऑइलमध्ये मिसळू देऊ नये, रबराचे वायसर फुगतात. नट रबरी होजला जोडलेला असेल तर होजचे टोक दुसऱ्या पान्याने धरावे, नाहीतर होज पिळला जातो. नटाबरोबर नळीही फिरू लागली की तेथेच थांबावे. पाइप बदलायचाच ठरला तर तो नटाजवळ कापून सहा कोनांची गोटी लावावी, नट सहसा निघतो. नव्या पाइपच्या ठिकाणी साधी तांब्याची नळी बसवण्याची खोड काही ठिकाणी आहे, ती धोक्याची आहे. आवळताना १५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याला साधारण १० किलोचा जोर पुरे. त्याहून जास्त जोर दिला तर पसरट टोक चिरते किंवा आटे जातात. हवा काढून झाल्यावर पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे व प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा.

एक प्रश्न मात्र पान्याने सुटत नाही. नट गोल झाला तर नव्या पाइपचे पैसे कोणी द्यायचे? गाडी ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. नट गंजाने गेलेला असेल तर पाना लावण्यापूर्वीच मालकाला गाडीखाली बोलावून दाखवावे आणि खर्चाची कल्पना द्यावी. आपल्या चुकीच्या पान्याने नट गेला असेल तर तो खर्च बिलात टाकता येणार नाही. काढलेला जुना पाइप व नट बिलाबरोबर मालकाच्या हाती द्यावा, म्हणजे कोपरे गंजाने गेले की पान्याने, हे त्यालाही दिसते.