लहान इमारतीला स्प्रिंकलर कोणत्या मानकाचे?

चित्रपटात एक दृश्य आपण नेहमी पाहतो. कोणीतरी छताजवळच्या स्प्रिंकलरखाली पेटती काडी धरतो आणि साऱ्या इमारतीत एकदम पाऊस सुरू होतो. घरांमध्ये बसवलेल्या स्प्रिंकलरच्या बाबतीत तसे घडत नाही. तेथे प्रत्येक स्प्रिंकलर स्वतंत्रपणे उघडतो. त्याच्या तोंडाशी बहुधा द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते. आग लागली की तप्त वायू छतापाशी साचतात, कुपीतील द्रव प्रसरण पावतो आणि ठराविक तापमानाला कुपी फुटते. लाल रंगाच्या कुपीसाठी हे तापमान ६८ अंश सेल्सिअस असते. कुपी फुटताच नळाचे तोंड मोकळे होऊन पाणी फवारले जाते. जेथे आग, तेथेच पाणी!

परंतु असे स्प्रिंकलर कोठे कोठे बसवायचे? एका वेळी किती उघडतील असे धरायचे? पाणी किती वेळ पुरले पाहिजे? हे अंदाजाने ठरवून चालत नाही. त्यासाठी मानके असतात. अमेरिकेत ती नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही १८९६ मध्ये स्थापन झालेली संस्था तयार करते. घरांच्या दृष्टीने तिची तीन मानके महत्त्वाची आहेत.

पहिले, क्रमांक १३. हे सर्वांत जुने असून कारखान्यांपासून उंच इमारतींपर्यंत सर्वत्र चालते. माणसे आणि मालमत्ता या दोहोंचे रक्षण हा त्याचा हेतू आहे. दुसरे, १३ डी. हे १९७५ मध्ये एक-दोन कुटुंबांच्या लहान घरांसाठी आले. तिसरे, १३ आर. हे १९८९ मध्ये आले. चार मजल्यांपर्यंतच्या आणि ६० फुटांहून, म्हणजे सुमारे १८ मीटरहून, उंच नसलेल्या निवासी इमारतींसाठी ते आहे. शेवटच्या दोन मानकांचा मुख्य हेतू माणसांना वाचवणे हा आहे. आग लागलेली खोली तापत गेली, तर एका क्षणी तिच्यातील सर्व वस्तू एकदम पेट घेतात. तो क्षण टाळायचा आणि राहणाऱ्यांना बाहेर पडायला वेळ मिळवून द्यायचा, एवढेच काम ही मानके यंत्रणेकडून अपेक्षितात.

हेतू बदलला की पाण्याचा हिशेब कसा बदलतो ते पाहू. आपली खोली २४ चौरस मीटरची आहे आणि तिच्यासाठी एक स्प्रिंकलर आहे असे समजा. १३ आर आणि १३ डी यांनुसार जमिनीवर मिनिटाला किमान सुमारे २ मिलिमीटर पाणी पडले पाहिजे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणून एका स्प्रिंकलरला मिनिटाला ४८ लिटर पाणी लागेल. हे थोडे वाटते का? मिनिटाला २ मिलिमीटर म्हणजे तासाला १२० मिलिमीटर. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस झाला, तरी आपण त्याला ढगफुटी म्हणतो!

१३ डी मध्ये दोन स्प्रिंकलर १० मिनिटे चालतील असे साधारणपणे धरतात. म्हणजे ४८ × २ × १० = ९६० लिटर. घरातील एक टाकी त्याला पुरेल. १३ आर मध्ये चार स्प्रिंकलर ३० मिनिटे धरतात. हे झाले ५,७६० लिटर. १३ मध्ये निवासी स्प्रिंकलरसाठी पाण्याचा दर दुप्पट आहे. त्यामुळे तेच चार स्प्रिंकलर तेवढ्याच वेळात सुमारे ११,८०० लिटर घेतील. शिवाय अग्निशामक दलाच्या नळीसाठी मिनिटाला सुमारे ३८० लिटर वेगळे धरावे लागतात. एकूण हिशेब २३,००० लिटरांपर्यंत जातो. मोठ्या नळ्या, मोठा पंप आणि जास्त खर्च हे सारे त्यामागोमाग येते.

मग चार मजली इमारतीला १३ आर पुरे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथेच खरा प्रश्न आहे. १३ आर छताखालच्या मोकळ्या माळ्यात आणि बांधकामातील अनेक झाकलेल्या पोकळ्यांत स्प्रिंकलर नसले तरी चालवून घेते. तेथे कोणी राहत नाही, हे त्यामागचे कारण. अमेरिकेत अशा इमारतींचा सांगाडा पुष्कळदा लाकडाचा असतो. न्यू जर्सी राज्यात, जेथे अनेक मराठी कुटुंबेही राहतात, एजवॉटर या गावी २१ जानेवारी २०१५ रोजी अशाच एका चार मजली वसाहतीला आग लागली. दुरुस्तीच्या कामात वापरलेल्या ज्योतीने भिंतीच्या आत पेट घेतला आणि आग स्प्रिंकलर नसलेल्या पोकळ्यांतून पसरत गेली. खोल्यांतील स्प्रिंकलर तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. एकही माणूस दगावला नाही, पण दोनशेहून अधिक घरे नष्ट झाली.

यंत्रणा फसली असे म्हणावे का? मानकाचा हेतू माणसे वाचवण्याचा होता आणि माणसे वाचली. इमारत वाचवण्याचे वचन त्या मानकाने दिलेलेच नव्हते. पण घर जळालेल्या कुटुंबाला हा फरक आधी ठाऊक असतो का? पुढे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत, रस्त्यापासून ५५ फुटांहून उंच छत असलेल्या अशा लाकडी इमारतींच्या माळ्यांना संरक्षण देण्याची अट घालण्यात आली.

म्हणून मानक निवडताना मजले मोजणे ही केवळ पहिली चाळणी आहे. त्यापुढे आणखी प्रश्न विचारावे लागतात. सांगाडा लाकडाचा आहे की काँक्रीटचा? माळा आणि पोकळ्या किती आहेत? तेथे राहणारे लोक लवकर बाहेर पडू शकतील का, की त्यांत वृद्ध आणि आजारी माणसे जास्त आहेत? पाण्याचा पुरवठा किती आहे? कायदा सांगतो ती किमान पातळी असते. तिच्याहून वरचे मानक निवडायला मालकाला कोणी अडवत नाही.

आपल्याकडे स्प्रिंकलरच्या रचनेसाठी आयएस १५१०५ हे भारतीय मानक आहे आणि इमारतींच्या अग्निसुरक्षेचे नियम राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात दिलेले आहेत. देश कोणताही असो, ‘येथे स्प्रिंकलर आहेत’ असे कोणी सांगितले, तर लगेच समाधान मानू नका. ते कोणाला वाचवण्यासाठी आहेत, माणसांना की माणसे आणि घर या दोघांनाही, हेही विचारा.