प्रवासोत्तर श्वसनक ज्वर व देशपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, देशपरीक्षा सांगताना रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, कोठे वाढला व कोठे व्याधिग्रस्त झाला, हे तिन्ही विचारावयास सांगितले आहे. यातील तिसरा प्रश्न आपल्या रुग्णपत्रकात बहुधा कोराच राहतो. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या मारुंजीत व्यवसाय करणाऱ्या वैद्याने तर तो प्रथम विचारावा. समोर बसलेला अभियंता गेल्या आठवड्यात युरोपातील एखाद्या हॉटेलात उतरलेला असू शकतो.

या दृष्टीने लिजिओनेअर्स डिसीज हा व्याधी ध्यानी ठेवण्याजोगा आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर अनेक प्रतिनिधी तीव्र न्यूमोनियाने आजारी पडले व कित्येक दगावले. कारणीभूत जिवाणू ‘लिजिओनेला’ जानेवारी १९७७ मध्ये ओळखला गेला. कोमट, साचलेल्या पाण्यात तो अमीबाच्या पेशीत राहून वाढतो. शॉवर, वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर, कारंजी यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे तो फुप्फुसात शिरतो आणि तेथील भक्षकपेशींतही तसाच वाढतो. १९९९ मध्ये हॉलंडमधील एका पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या गरम पाण्याच्या टबातून असा उद्रेक झाला. बाधितांत टबाजवळून नुसते चालत गेलेले प्रेक्षकही होते!

संसर्गानंतर साधारणतः २ ते १०, क्वचित १४ वा अधिक दिवसांनी लक्षणे दिसतात. शीतपूर्वक तीव्र ज्वर, शुष्क कास, शिरःशूल, आणि त्याबरोबर अतिसार व संभ्रम. येथेच घात होतो. अतिसार पाहून ज्वरातिसाराचे निदान व्हावे, लंघन-पाचनात दोन दिवस जावेत, आणि तेवढ्यात फुप्फुसाचे एकेक खंड घट्ट होत श्वसन निकामी व्हावे, असे घडू शकते. ज्वराच्या मानाने नाडी मंद असणे व रक्तातील सोडियम घटणे ही सूचक चिन्हे होत. मात्र ती नसली तरी व्याधी नाही असे समजू नये.

पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधे येथे निष्प्रभ ठरतात, कारण जिवाणू पेशीच्या आत दडलेला असतो. लिव्होफ्लॉक्सॅसिन वा ॲझिथ्रोमायसिन लागते, तेही विनाविलंब. उपचार मिळूनही साधारण दहांपैकी एक रुग्ण दगावतो. पन्नाशीपुढील व्यक्ती, धूम्रपानी व मधुमेही यांना धोका अधिक. तीव्रावस्थेत रुग्ण आपल्याकडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दौर्बल्य पुढे कित्येक आठवडे टिकते. आपल्या चिकित्सेला वाव तेथे आहे.

मूत्रातील प्रतिजन तपासणी मुख्यतः या जिवाणूचा एकच उपप्रकार ओळखते. ती नकारात्मक आली तरी संशय सोडू नये. रुग्णालयास द्यावयाच्या चिठ्ठीत देश, मुक्कामाचे ठिकाण, शॉवर वा टबाचा वापर आणि परतीची तारीख अवश्य लिहावी.