कडब्याचा हिशेब

सोलापूरच्या शेतीवर लिहायचे म्हटले की पहिले नाव उजनीचे येते. मी मंगळवेढ्यापासून सुरुवात करतो. तिथल्या काळ्या रानात पावसाळाभर बहुधा पीक नसते. जमीन पाणी पीत राहते आणि पाऊस ओसरता ओसरता ज्वारी पेरली जाते. नंतर सगळी भिस्त त्या ओलीवर. रान भेगाळू लागले की कोळपे फिरवायचे, भेगा बुजवायच्या, ओल धरून ठेवायची. मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 ही स्वातंत्र्यापूर्वीची जात. तिच्यानंतर जास्त दाणा देणारी वाणे कितीतरी आली, पण कोरडवाहू रानातून ती हटली नाही. भाकरीची चव हे एक कारण. दुसरे, माझ्या मते मोठे, तिचा उंच, गोड कडबा. पावसाने ओढ दिली आणि कणीस नीट भरले नाही, तरी वैरण हाती लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गाजावाजा भाकरीपुरताच झाला.

या कडब्यावर दोन जनावरे उभी राहिली. एक खिल्लार. सांगोला, मंगळवेढा आणि पलीकडचे आटपाडी, माण हा त्याचा मुलूख. अंग रेखीव, शिंगे मागे वळलेली, चाल वाऱ्यासारखी. गाय दूध बेताचेच देते. तिची किंमत तिच्या पोटच्या खोंडावर ठरायची. दुसरी पंढरपुरी म्हैस, खांद्यामागे जाणाऱ्या लांबलचक शिंगांची. साध्या वैरणीवरही ती दूध देते. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर धार काढतात ती बरीचशी हिचीच.

खिल्लाराचा खरा बाजार बघायचा तर कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला जावे, नाहीतर संक्रांतीच्या गड्ड्याला सोलापुरात. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, दात बघतो, अदात की दुसा (दोन दातांचा) ते ठरवतो, आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. 2022 साली लम्पी या जनावरांच्या आजाराने राज्यभरचे बाजार बंद पाडले, तेव्हा हा व्यवहारही थांबला.

मग उजनी. 1980 साली पुरे झालेले हे भीमेवरचे धरण साधारण 117 टीएमसीचे, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. पाणी आले तिथे ऊस आला, पाठोपाठ तिसाहून जास्त कारखाने आले. ज्वारी मागे सरली आणि गोठ्यात कडब्याच्या जागी उसाचे वाढे आले. वाढे पोट भरतात, पण त्यातले ऑक्झलेट जनावराचे कॅल्शियम खाते. हे पशुवैद्य सांगून थकले. संकरित गाईंनी दूध वाढवले, ट्रॅक्टरने औत घेतले. बैलाला काम उरले ते मुख्यतः ऊसतोड टोळ्यांच्या गाड्यांना आणि शर्यतींना.

शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली, 2023 साली घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. पळणाऱ्या खोंडाचे भाव लाखांत गेले. पण एका पळणाऱ्यामागे दावणीला जे साधे बैल असतात, त्यांचे काय? 2015च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, म्हातारा बैल विकता येईना. त्याला वर्षभर पोसायचा भार शेतकऱ्यावर पडला. खिल्लार शर्यतीवर वाचेल असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब जमत नाही.

दुष्काळात तर सगळेच उघडे पडते. 2012-13 आणि 2018-19 साली सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या लागल्या. घरातले एक माणूस जनावरांबरोबर छावणीतच मुक्कामाला. सरकारने पैसा ओतला, तोही कडबा महागल्यावर.

ज्वारीला हमीभाव आहे, कडब्याला नाही. छावण्यांवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग चांगल्या वर्षी कडबा विकत घेऊन साठवण्यावर करावा. मंगळवेढ्याचा शेतकरी मालदांडी पेरतच आहे; त्याला फक्त कडब्याचा भाव ठरवून द्या.