अर्ध्या मैलाचा राज्यमार्ग

मिशिगनच्या दक्षिण द्वीपकल्पात, लीलानाऊ काउंटीच्या सरोवरकिनारी, ‘स्लीपिंग बेअर’ नावाच्या विशाल वालुकाराशींच्या सान्निध्यात ग्लेन हेवन हे चिमुकले बंदर वसले आहे; त्याला एम-१०९ या मार्गाशी जोडणारा, जेमतेम अर्ध्या मैलाचा, म्हणजे सुमारे ८२५ मीटरांचा एम-२०९ हा रस्ता १९९६ पर्यंत राज्यमार्ग म्हणून सरकारदप्तरी नोंदलेला होता, आणि क्रमांकाची पाटी मिरवणाऱ्या तेथील राज्यमार्गांत त्याच्याहून आखूड दुसरा नव्हता.

इतक्या लहान वाटेचा भार राज्याने का वाहावा, याचे उत्तर तिच्या टोकाशी मिळते. एकोणिसाव्या शतकात सरोवरातील आगबोटी जळाऊ लाकूड भरण्यासाठी या धक्क्यास लागत. १८७८ मध्ये जहाज कंपनीचा मुखत्यार म्हणून आलेले डी. एच. डे पुढे या गावाचे धनी झाले, आणि ज्यांनी लाकडाच्या व्यापारावर वैभव उभारले तेच राज्य उद्यान मंडळाचे पहिले अध्यक्ष होऊन वनसंरक्षणाचे पुरस्कर्ते ठरले. लाकूड सरत आले तेव्हा फळबागा बहरल्या आणि चेरी डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. मॅनिटू बेटांलगतच्या जलमार्गात संकटात सापडलेल्या नौकांसाठी १९०१ मध्ये जीवरक्षक ठाणे स्थापन झाले. छोट्या तोफेने नौकेपर्यंत दोर फेकून माणसे किनाऱ्यावर ओढून घेणारे ते ठाणे, सरकत्या वाळूने गिळू नये म्हणून १९३१ मध्ये गावाच्या बाजूस हलवावे लागले. बंदर, कारखाना आणि हे ठाणे यांना उर्वरित मुलखाशी बांधणारा दुवा सार्वजनिक हिताचाच होता.

काळ पालटला. आगबोटींचा राबता थांबला, कारखाना बंद पडला, ठाण्याचे संग्रहालय झाले, आणि १९७० मध्ये हा किनारा राष्ट्रीय सरोवरतट म्हणून संरक्षित झाला. अखेर १९९६ मध्ये रस्ता काउंटीच्या मार्ग मंडळाकडे वर्ग झाला आणि सर्वांत आखूड असल्याचा मान अलोहा येथील एम-२१२ कडे गेला.

राज्यमार्ग हा दर्जा म्हणजे राज्याने पत्करलेल्या उत्तरदायित्वाची सनद होय. प्रयोजन ओसरल्यावर ती रद्द करणे गैर नाही. पण ती रद्द करताना पुढचा जिम्मेदार नेमून दिलेला असावा. तेवढी दक्षता घेतली गेली म्हणून, राज्याच्या नकाशातून क्रमांक गेला तरी, ग्लेन हेवनच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या माणसाची वाट शाबूत राहिली. लोकोपयोगी कारभाराची याहून चोख कसोटी मला ठाऊक नाही.